शर्टावरची चांदी

"घर में मर्द नहीं है. मगरिब की नमाज के बाद आना."

दाराला आतून साखळी होती. फटीतून हजराचा अर्धा चेहरा दिसत होता आणि ओढणी हनुवटीखाली घट्ट धरलेला हात. बाहेर जिन्यात तिचा नवरा अबूबकर उभा होता. नुकताच न्हालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, केस पाण्यानं चापून बसवलेला. हातात टोमॅटोची पिशवी.

"हजरा, मी हाय," तो म्हणाला. "साखळी काड."

"बोला ना, मर्द नहीं है," ती म्हणाली आणि दार लागलं.

अबूबकर पिशवी घेऊन पायरीवर बसला. दोह्याच्या अल हिलाल भागातल्या त्या इमारतीत तो मुलगी रिदाच्या जन्माआधीपासून राहत होता. वरच्या मजल्यावरचा मल्याळी शेजारी खाली उतरताना "क्या हुआ भाई, चाबी भूल गए?" असं विचारून गेला, तेव्हा त्यानं मान डोलावली. चावी खिशात होती, पण साखळीपुढे चावीचं काय चालणार? आणि दुसऱ्या माणसाला सांगायचं तरी काय?

हजरा घरात कधी हिंदी बोलत नसे. हिंदी होती ती किराणावाल्यासाठी, इमारतीच्या राखणदारासाठी, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या पठाणासाठी. नवऱ्याशी आणि पोरीशी ती रत्नागिरीकडच्या खाडीकाठची आपली बोली बोलायची, भांडायची सुद्धा त्याच बोलीत. ती आपल्याला विसरली याचं अबूबकरला दुःख झालंच, पण तिनं आपल्याला सिलिंडरवाल्याच्या रांगेत नेऊन बसवलं हे त्याच्या फारच जिव्हारी लागलं.

रिदा ट्रॅव्हल एजन्सीतून आली तेव्हा तो अजून पायरीवरच होता.

"अब्बा, अगेन?" ती म्हणाली.

"सावकाश हाक मार. घाबरलीय ती."

रिदानं दार वाजवून "अम्मी, मी आलंय" म्हटल्यावर साखळी निघाली. रिदाला तेवढं एक वाक्य मराठीत नीट यायचं. पोरगी दोह्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. आईबापांचं सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून, नाहीतर इंग्रजी-मराठीची खिचडी करून. हजरा तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "कोनी मानूस आयलाय बाहेर. अत्तर लावून. मना नाय बरा वाटत."

अबूबकर मान खाली घालून त्यांच्या मागून आपल्या घरात शिरला.

हे सगळं सुरू झालं ते घावनांपासून. गेल्या रमजानच्या आधी एका सकाळी हजरानं तांदळाचं पीठ कालवलं, तव्यावर पळी फिरवली आणि घावन सुटायची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. अबूबकर चहा मागायला आत आला तेव्हा तवा थंडगार होता, गॅस पेटवलेलाच नव्हता, आणि हजरा त्या पांढऱ्या पिठाकडे अशी बघत होती की जणू त्यानंच तिला दगा दिलाय. दोघं हसले. "म्हातारी झालीस," तो म्हणाला. ती पन्नाशीची होती. पुढं किराणाच्या दुकानातून घरी येताना ती दुसऱ्याच इमारतीत शिरली आणि कुणा सिंधी बाईच्या दारात उभी राहून रडली. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

मग हॉस्पिटल झालं. यंत्रातून डोक्याचे फोटो झाले. कागदावर घड्याळ काढा, काटे काढा, या महिन्याचं नाव सांगा. हजरानं घड्याळ म्हणून भाकरीसारखं गोल काढलं आणि डॉक्टरकडे बघून ओशाळं हसली. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं. टीव्हीवर तेव्हा रात्रंदिवस इराकवरच्या लढाईच्या बातम्या चालू होत्या आणि सगळं दोहा त्या बातम्यांना चिकटलेलं होतं. अबूबकरच्या घरात मात्र टीव्ही बंद असायचा. त्याच्या घरची लढाई त्याला पुरेशी होती.

आता अबूबकरच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणारा फॅब्रिकेटर. शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, जिला सगळे सनाया म्हणतात, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये तो पंचवीसेक वर्षं करवतीवर उभा होता. दोह्यात त्या काळात इमारती भराभर उठत होत्या आणि प्रत्येकीला खिडक्या लागत होत्या. करवतीखाली अॅल्युमिनियमची पट्टी गेली की बारीक चंदेरी भुगा उडतो. तो केसांत बसतो, भुवयांत बसतो, कॉलरच्या आत शिरतो. संध्याकाळी कंपनीच्या पिकअपमधून अबूबकर उतरायचा तो चकाकतच.

घराची रीत ठरलेली होती. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर उभं राहायचं, अंगातला शर्ट काढून हजराच्या हातात द्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. हजरा तो शर्ट घेऊन गॅलरीत जायची आणि कठड्याबाहेर हात काढून चांगला झटकायची. मावळतीच्या उन्हात भुगा चमकत खाली जायचा. मग शर्ट बादलीत. मशिनमध्ये टाकला तर मशीन बिघडेल म्हणून ती हातानंच चोळून धुवायची.

लग्न होऊन ती पहिल्यांदा दोह्याला आली तेव्हा नवऱ्याचं ते रूप बघून तिला हसू आवरेना. तेव्हा अबूबकर तिला म्हणाला होता, "सोन्याचं काय जमत नाय अजून. तुझ्यासाठी चांदी आणलीय." तेव्हापासून ती रोज दारात विचारायची, "आज किती चांदी आणलीत?" आणि तो म्हणायचा, "मापून घे." भांडण झालेलं असलं तरी विचारायची, फक्त भिंतीकडे बघून. पुढं खरंखुरं सोनं झालं, रिदाच्या कानात झुमके आले, पण ती चांदी काही थांबली नाही.

आजाराचं नाव कळल्यावर रिदानं ऑफिसातल्या इंटरनेटवर वाचायचा सपाटा लावला. एके रात्री जेवताना ती म्हणाली, "अब्बा, आय रेड समथिंग. अॅल्युमिनियम. या आजारात ब्रेनमध्ये प्रोटीनचे क्लंप्स होतात आणि काही लोक म्हणतात अॅल्युमिनियममुळे होतात. वी शुड थ्रो ऑल दीज पॉट्स."

ती भाताच्या पातेल्याबद्दल बोलत होती. अबूबकरची नजर मात्र मोरीतल्या बादलीवर गेली.

त्याचा घास तोंडातच राहिला. त्यानं उठून नळाखाली तोंड धरलं. रिदाला वाटलं ठसका लागला. त्यानं तिला काही सांगितलं नाही. सांगणार काय? की भाताच्या पातेल्यातून किती उतरत असेल ते उतरो, पण मी हिला रोज संध्याकाळी दारात उभा राहून ओंजळीनं दिलंय? चांदी म्हणून दिलंय?

दुसऱ्या दिवशी पातेली गेली, कढई गेली, घावनांचा तो जुना तवाही गेला. त्यांच्या जागी स्टीलची लखलखीत भांडी आली. हजरा दोन दिवस ओट्यापाशी परक्याच्या घरी आल्यासारखी उभी राहिली आणि मग तिनं स्वयंपाकघरात जायचंच सोडलं. घरात दिवसा तिच्याजवळ बसायला येणाऱ्या मुनीरानं, शेजारच्या फ्लॅटमधल्या विधवा बाईनं, मग भाताचं काम आपल्याकडे घेतलं.

अबूबकरनं वर्कशॉपमध्ये हा विषय नसरुद्दीनपाशी काढला. नसरुद्दीन श्रीवर्धनचा, शेजारच्या करवतीवरचा, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत असलेला माणूस.

"काय पन सांगतोस," तो म्हणाला. "मग आपली डोकी कवाच खलास व्हायला पायजे होती. आपन तर ह्यातच लोळतोय."

"आपन मोकळ्यावर असतो. ती बंद मोरीत कपडे चोळायची. नखांत जायचा तिच्या."

नसरुद्दीननं हे हसण्यावारी नेलं खरं, पण त्या दिवसापासून तो जेवायच्या सुट्टीत मनातल्या मनात गावाकडच्या बंदरांची नावं ओळीनं म्हणून बघायला लागला आणि एखादं अडलं की घाबराघुबरा होऊन अबूबकरला विचारायचा. अबूबकरला त्याची नावं ऐकायची शुद्ध नव्हती. त्यानं निश्चय केला होता. आता एक कणही घरात जाऊ द्यायचा नाही.

वर्कशॉपच्या मागं पत्र्याची न्हाणी होती. काम सुटलं की तो तिथं साबणानं खसखसून आंघोळ करायचा, केस दोनदा धुवायचा, नखं काडीनं कोरायचा. भुग्याचा शर्ट तिथंच धुवून वाळत घालायचा. घरचा पांढरा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असायचा, तो चढवायचा. साबणाचा वास जावा म्हणून वर अत्तराचं एक बोट. पिकअपमधली माणसं त्याला "दूल्हा आया, यल्ला, जल्दी जगह दो" म्हणून चिडवायची. आणि असा न्हाऊन-माखून, जिवापाड काळजी घेऊन तो ज्या दिवशी पहिल्यांदा दारात उभा राहिला, त्याच दिवशी हजरानं साखळी लावली.

पहिल्या वेळी त्याला वाटलं, झोपेतून उठली असेल. दुसऱ्या वेळी त्याचं धाबं दणाणलं. पुढं रोजचंच झालं; मुनीरानं कितीही समजावलं तरी हजरा साखळीवरचा हात काढत नसे. आत आल्यावरही ती त्याच्यापासून लांब बसायची, ओढणी सावरायची, मुनीराला हळूच विचारायची, "ह्यो कवा जानार?" रात्री कधीतरी तिला उमज पडायची आणि ती त्याच्या हातावर हात ठेवायची, पण संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. अबूबकरनं त्याचा एकच अर्थ लावला. आजारानं वेग घेतलाय. आपण उशीर केला. जायचं ते विष आधीच आत गेलंय.

तपासणीची तारीख आली तेव्हा तो हजराला घेऊन हॉस्पिटलात गेला. डॉक्टर इंग्रजीतून बोलायचे आणि अबूबकरचं इंग्रजी खिडक्यांच्या मापांपुरतं होतं. पण तिथं लिझी नावाची वसईची नर्स होती. "अंकल, मी सांगते ना मराठीत, घाबरताय कशाला," असं पहिल्याच दिवशी म्हणून तिनं त्याला आपलंसं केलं होतं. आज रिदाला सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त लिझीवर होती.

हजराला दुसऱ्या नर्सपाशी बसवून अबूबकर डॉक्टरसमोर खुर्चीच्या कडेवर बसला.

"सिस्टर, ह्यांना विचारा, अॅल्युमिनियममुळं हा आजार होतो काय?"

लिझीनं विचारलं. डॉक्टर बराच वेळ बोलले, हातांच्या मुठी करून, उघडून.

"हे बघा अंकल," लिझी म्हणाली, "आपल्या मेंदूत एक प्रोटीन तयार होत असतं. एरवी ते विरघळून वाहून जातं. ह्या आजारात ते जात नाही, त्याच्या गुठळ्या होतात. दूध नासल्यावर कसं फुटतं, तसं. त्या गुठळ्या तपासल्या तर त्यांच्यात तांबं, जस्त, लोखंड सापडतं. ते बाहेरचं नाही, आपल्याच अंगातलं. ते सगळ्यांच्या अंगात लागतंच."

"आणि अॅल्युमिनियम?"

"त्याचा पूर्वी लई बोलबाला होता. आता बरेच डॉक्टर ते धरत नाहीत."

"मग तांब्यामुळं गुठळी होते?"

लिझीनं पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले, पण डोळ्यांत थट्टा नव्हती.

"कुणी म्हणतं धातूमुळे गुठळी होते. कुणी म्हणतं गुठळी आधी होते आणि धातू मागून येऊन चिकटतो. अजून कळलेलं नाही, म्हणतात. जगभर शोधतायत."

अबूबकरला एकदम अल रुवैसचं ते घर आठवलं. उत्तरेला, मच्छीमारांच्या धक्क्याजवळ. त्यानंच बनवलेल्या खिडक्या दुरुस्त करायला त्याला तिथं पाठवलं होतं. अॅल्युमिनियमच्या चौकटीत कुणीतरी साधे लोखंडी स्क्रू मारले होते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेनं प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरली होती. बोट लावलं की चौकट विरघळलेल्या साखरेसारखी हातात येत होती. दोन धातू आणि खारट ओल. डोक्यात रक्त असतं आणि रक्तही खारट असतं. त्यानं ते सगळं लिझीला घाईघाईनं सांगितलं.

"अंकल, डोकं म्हणजे खिडकी नाही," लिझी हळूच म्हणाली. तिनं ते डॉक्टरांना सांगितलंच नाही.

"मग एक विचारा. शेवटचं." अबूबकर खुर्चीच्या कडेवरून पुढं सरकला. "मी अॅल्युमिनियमचं काम करतो. माझे कपडे तिनं धुतले, इतकी वर्षं. माझ्या कपड्यांमुळं झालं काय, तेवढं विचारा."

लिझीनं विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि थेट अबूबकरकडे बघून उत्तर दिलं.

"त्यांना तसं वाटत नाही, म्हणतात. स्वतःला दोष देऊ नका, म्हणतात."

"नाय म्हणाले काय ते? की वाटत नाय म्हणाले?"

"अंकल, डॉक्टर लोक असंच बोलतात हो. तुम्ही नाहीच समजा ना."

अबूबकरनं मान हलवली, पण त्याला हवं होतं ते मिळालं नव्हतं. खिडकी बसते किंवा बसत नाही. बसली असं वाटतंय, असं म्हणून कुणाच्या घरात काच सोडता येते का?

निघताना लिझी दारापर्यंत आली. "घरात काही बदल केलात का हल्ली? ह्या लोकांना बदल सोसत नाही. जुनं जे आहे ना, त्याच्यावर ते चालतात."

"भांडी बदलली," तो म्हणाला. आंघोळीचं त्यानं सांगितलं नाही, कारण तो बदल आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. तो तर इलाज होता.

उन्हाळा तापू लागला तसं सनायातलं पाणी रोडावलं. एका दुपारी टँकर आलाच नाही. काम सुटलं तेव्हा न्हाणीच्या नळातून नुसती फुसफुस. अबूबकरनं पिण्याच्या कूलरचं पाणी घ्यायचा प्रयत्न केला, तर तेही संपलेलं. कपडे बदलून तरी काय उपयोग, अंगावर, केसांत सगळा भुगाच. शेवटी तो तसाच पिकअपमध्ये बसला. वाटेत त्यानं ठरवलं, घरी जायचं ते थेट मोरीत. हजराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

दार वाजवलं. साखळीचा आवाज झाला. फटीतून डोळा दिसला. अबूबकरनं नेहमीचं वाक्य ऐकायची तयारी केली.

साखळी निघाली. दार सताड उघडलं.

"येवडा उशीर?" हजरा म्हणाली. "मी कवाची वाट बघतंय." आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "द्या इकडं. आज किती चांदी आणलीत?"

अबूबकर पायपुसण्यावर थिजून उभा राहिला. किती दिवसांनी त्यानं हे ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले. तिची बोटं त्याच्या कॉलरला लागली आणि तिथला भुगा तिच्या नखांवर चमकला. ते त्यानं बघितलं.

"हात नको लावू!" तो ओरडला आणि मागं सरकला. "हो बाजूला! हजरा, हो बाजूला!"

तिचे हात तसेच हवेत राहिले. तिचा चेहरा उतरत गेला. तिला काही कळलं नाही, फक्त नवरा ओरडला एवढं कळलं. मुनीरा आतून धावत आली. अबूबकर अंग चोरून, भिंतीच्या कडेनं मोरीत शिरला आणि कडी लावून घेतली. अंगावर पाणी ओतता ओतता तो रडला. पाणी चालू होतं म्हणून बाहेर ऐकू गेलं नाही.

बाहेर आला तेव्हा तो स्वच्छ होता. हजरानं त्याच्याकडे बघितलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि मुनीराच्या मागं जाऊन बसली.

"रिदाचे अब्बा, अल्लानं तुमाला डोळे दिलेत काय?" मुनीरा म्हणाली. ती एरवी त्याच्याशी मान वर करून बोलत नसे. "ती तुमच्या शर्टावरून वळखते तुमाला. तुमी रोज नवाच मानूस होऊन येता."

त्या रात्री अबूबकरनं रिदाला सगळं सांगितलं. शर्ट, बादली, चांदी, डॉक्टर काय म्हणाले ते. रिदा ऐकत होती. मग ती इंग्रजी विसरून गेली.

"अब्बा, तुमी मनात ठेवलात हे? इतके दिस?"

"मंग काय करू? सांग मना. तिला माझ्यापासून वाचवू काय तिच्याजवळ ऱ्हाऊ?"

इंटरनेटवर हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. काम सुटल्यावर अबूबकर न्हाणीत गेला, नळ सोडला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. बाहेरून नसरुद्दीन ओरडत होता, "दूल्हा, यल्ला! गाडी सुटते!" अबूबकरला डॉक्टरांचं 'वाटत नाही' आठवत होतं आणि हजराचे हवेत राहिलेले हात आठवत होते. भीती अजिबात कमी झालेली नव्हती. पण त्यानं नळ बंद केला. पिशवीतला पांढरा शर्ट तसाच ठेवून दिला आणि खिशातला मोठा रुमाल मात्र धुवून, पिळून बरोबर घेतला.

दार उघडलं. हजरानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आयलात?"

"आयलो. थांब, आधी इकडं ये." त्यानं ओला रुमाल तिच्या नाकातोंडावरून घेतला आणि डोक्यामागं गाठ मारली, करवतीवर उभा राहताना स्वतः मारायचा तशी. मग मुनीराचे भांडी घासायचे रबरी हातमोजे तिच्या हातांत चढवले.

"ह्यो काय?" रुमालाआडून हजरा हसली. "मना चोर केलात काय?"

"चांदी चोरायची तर चोरासारखंच ऱ्हायला पायजे," तो म्हणाला आणि त्यानं शर्ट काढून तिच्या हातात दिला.

ती गॅलरीत गेली. कठड्याबाहेर हात काढून तिनं शर्ट झटकला. अबूबकर तिच्या खांद्यामागं उभा होता. भुगा उन्हात चमकत खाली गेला आणि वारा उलटा येत नाही ना, हे तो श्वास रोखून बघत राहिला. बादली मात्र त्यानं स्वतःकडे घेतली. शर्ट आता तोच धुवायचा.

असा तो सबंध उन्हाळा गेला. रुमाल, मोजे, शर्ट, गॅलरी. संध्याकाळची ती दहा मिनिटं हजरा त्याची असायची आणि त्या दहा मिनिटांत तो दर वेळी भीत असायचा. एकदा भीतीपोटी त्यानं शर्ट वर्कशॉपमध्येच झटकून आणला, तर ती शर्ट हातात घेऊन गोंधळली आणि "ह्यात काय नाय," म्हणून परत द्यायला लागली. तेव्हापासून त्यानं तेही सोडलं. बाकीचं हळूहळू जातच होतं. आधी रिदाचं नाव गेलं, मग जेवलो की नाही हे गेलं, मग जिन्याच्या पायऱ्या. संध्याकाळच्या वेळी मात्र ती दारामागं येऊन उभी राहायची.

हवा जरा गार व्हायला लागली होती त्या दिवसांतली गोष्ट. अबूबकर दारात आला. साखळी निघाली. हजरानं हात पुढं केले, पण विचारलं काही नाही. त्यानं रुमाल बांधला, मोजे चढवले, शर्ट दिला.

"आज किती चांदी, विचार ना," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. नजर मऊ होती, पण ओळखीची नव्हती. ती गॅलरीत गेली आणि तिनं नेहमीसारखा शर्ट झटकला, नीट, दोन्ही बाह्या धरून. मग तो बादलीत न टाकता तिनं घडी करून छातीशी धरला, मोजे ओढून काढले आणि रुमाल स्वतःच खाली ओढला. अबूबकर बनियनवर तिच्यासमोर उभा होता.

"ह्यो त्यांचा शर्ट हाय," ती त्याला समजावून सांगितल्यासारखी म्हणाली. "कुनाला द्यायचा नाय. ते येतील आता कामावरून."

तिनं हे हिंदीत सांगितलं नव्हतं. त्यांच्या खाडीकाठच्या बोलीत सांगितलं होतं, गावच्या, घरच्या माणसाला सांगावं तसं.

"तुमी बसा," ती म्हणाली आणि गॅलरीतलं स्टूल तिनं पायानं त्याच्याकडे सरकवलं. "येतीलच. तुमाला भेटून बरा वाटंल त्यांना."

खाली रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्या माणसं उतरवत होत्या. हजरा कठड्याला टेकून एकेका माणसाकडे बघत होती. अबूबकर स्टुलावर बसला, त्यानं तिच्या नखांकडे एकदा बघून घेतलं, आणि तोही तिच्याबरोबर खाली बघत वाट पाहू लागला.